ओळखीचा रकाना

अर्जाचा कागद मी घरीच तयार केला.
वीज मंडळात तीस वर्षं काढलेल्या बाईला
रकाने आखल्याशिवाय झोप येत नाही.
नाव. पत्ता. आधी कुठे शिकवत होता.
का सोडलं.
आणि दोन माणसांचे फोन नंबर,
नात्यातली नकोत.

दांडिया बझारच्या आमच्या व्यायामशाळेत
असला कागद कुणी पाहिला नव्हता.
इंगळेकाका म्हणाले, "अगं, फुकट शिकवतात बिचारे,
वर त्यांनाच दाखले मागतेस?
आपलीच तर माणसं!"
मी पहिला अर्ज माझा भरला,
दोन नंबर लिहून काकांपुढे सरकवला.
करा फोन.

पहिला आला त्याचं नाव इथे लिहीत नाही.
नवसारीचा. मल्लखांबावर असा, की बघत राहावं.
आल्या आल्या मारुतीला उदबत्ती,
बायांना ताई, पोरांना खिशातून लिमलेटच्या गोळ्या.
पहिल्या चहातच तो सगळ्यांना आवडला.
मलाही.
हे नोंदवून ठेवते: मलाही.

नवसारीला फोन केला.
पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "शीखवे छे तो सरस, बेन."
मग थांबले.
त्यांच्या घरी कुकर वाजला. एकदा. पुन्हा एकदा.
मी विचारलं, परत ठेवाल का त्याला तुमच्याकडे?
तिसरी शिट्टी.
"तमे समजदार छो," म्हणाले,
आणि ठेवून दिला.

तीन शिट्ट्या कुठल्या रकान्यात लिहायच्या?
समासात लिहिलं: गप्प राहिले.

बैठक रात्री अकरापर्यंत चालली.
पुरावा काय, काका विचारत राहिले,
चांगल्या माणसाचं नाव खराब करायचं का?
नाव कुणाचं घेतलंय, म्हटलं. फक्त नको म्हणतेय.
पुरावा माझ्याकडे नाही.
पुराव्याला एक मूल लागतं, काका,
ते मी देणार नाही.

पूर आला त्या वर्षी विश्वामित्रीतून
मगर थेट आमच्या हौद्यापर्यंत आली होती.
सगळी गल्ली काठ्या घेऊन जमली,
वनखात्याची गाडी येईपर्यंत कुणी पापणी हलवली नाही.
मगरीचं एक बरं असतं.
ती मगरीसारखी दिसते.

भिंतीवर जुन्या मास्तरांची तसबीर आहे.
हनुमान जयंतीला तिची काच मीच पुसते.
आमच्या तुकडीत कुंदा शिर्के सगळ्यात हलकी,
वर टोकाला जाऊन हात सोडायची,
खाली आमचे श्वास अडकायचे.
एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर ती आली नाही.
आम्ही म्हणालो, आळशी झाली.
आम्ही म्हणालो, तिच्या घरचे जुन्या वळणाचे.
मास्तर काहीच म्हणाले नाहीत.
तिचं घर चार दारं पलीकडे होतं.
चार दारं.

या वर्षी मी काच पुसली नाही.
कुणाच्या लक्षात आलं नाही बहुतेक.

मार्चमध्ये निशिकांत आला. अर्ज भरताना
कान लाल झाले पोराचे.
"मावशी, माझ्यावर संशय?"
तुझ्यावर नाही रे. माझ्या आवडण्यावर.
दोन्ही नंबर लागले. दोन्हीकडे मी पुष्कळ बोलत बसले,
मुद्दाम, कुठे थांबतात ते ऐकायला.

आता संध्याकाळी दारं सताड उघडी असतात,
बाकावर कुणाची ना कुणाची आई, शेंगदाणे सोलत.
काल राजवी, नऊ वर्षांची, लाकडावर अर्ध्यात अडकली.
निशिकांत पुढे झाला. "आधार देऊ?"
"ना," ती म्हणाली. "मी बघते."
तो एक पाऊल मागे सरला,
हात तसेच हवेत,
तळव्यांवर एरंडेल चकाकत.
ती घसरली. गादीवर बसकण मारली, काहीतरी पुटपुटली गुजरातीत,
आणि तळवे चड्डीला पुसून
पुन्हा लाकडाला भिडली.